ट्रान्सफर, २.३१ जीपीए आणि सोरॉरिटी: ऑगस्ट सोड, जानेवारी धर

प्रश्न: मी मूळची पुण्याची. दहावीनंतर आईबाबांबरोबर अमेरिकेत आले, इथे हायस्कूल पूर्ण केलं (जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, ३.४) आणि मग एक वर्ष कम्युनिटी कॉलेजात काढलं. संध्याकाळी दुकानात काम करत होते, त्यामुळे अभ्यासाची वाट लागली. ३२ क्रेडिट झाले, जीपीए २.३१, कॅल्क्युलसमध्ये चक्क डी. ऑगस्टपासून मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत प्री-इंजिनिअरिंगला ट्रान्सफर मिळाली आहे. तिथे माझ्या ओळखीचं कुणीच नाही, म्हणून सोरॉरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या सदस्य-संघटनेत, जायचं मनात आहे. ऑगस्टच्या रिक्रूटमेंटची, म्हणजे नव्या सदस्यांच्या भरतीची, नोंदणी सुरू झाली आहे. मैत्रीण म्हणते, हायस्कूलचा ३.४ टाक, कोण बघतंय. आई म्हणते, आधी मार्क सुधार, मग हे नखरे. मी काय करू? – ऋ.

उत्तर: प्रिय ऋ.,

आधी मैत्रिणीचं. ३.४ टाकू नकोस. नोंदणीच्या फॉर्मवर तू विद्यापीठाला तुझे गुण तपासायची परवानगी देतेस. ट्रान्सफर विद्यार्थिनी म्हणून तुझी नोंद त्यांच्याकडे असतेच आणि जुन्या कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट प्रवेशाच्या वेळीच तिथे पोचलेलं असतं. कॉलेजचे फारच कमी क्रेडिट झाले असतील तर काही ठिकाणी हायस्कूलचा जीपीए धरतात. ३२ क्रेडिट म्हणजे अख्खं वर्ष, त्यामुळे ती सवलत तुला मिळेल असं धरून चालू नकोस. आकडा जुळला नाही तर कमी गुणांची मुलगी ही ओळख पुसून खोटं लिहिणारी मुलगी अशी ओळख होईल, आणि ती पदवी मिळेपर्यंत चिकटेल.

आता मुख्य गोष्ट. ट्रान्सफर झाल्यावर बहुतेक विद्यापीठांत क्रेडिट येतात, ग्रेड येत नाहीत. म्हणजे नव्या विद्यापीठात तुझा जीपीए पहिल्या दिवशी कोरा असतो. डिसेंबरमध्ये पहिलं सेमिस्टर संपलं की तिथे जो आकडा उमटतो तो फक्त त्या एका सेमिस्टरचा. ऑगस्टमध्ये गेलीस तर नवा आकडा नसल्यामुळे २.३१ बघितला जाईल. जानेवारीत गेलीस तर बऱ्याच ठिकाणी पहिल्या सेमिस्टरचा आकडा बघितला जाईल, आणि तो अजून तुझ्या हातात आहे. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: ऑगस्टची मोठी रिक्रूटमेंट सोड आणि स्प्रिंगमधल्या (जानेवारीत सुरू होणाऱ्या सेमिस्टरमधल्या) सीओबीची तयारी कर. सीओबी म्हणजे कंटिन्युअस ओपन बिडिंग. त्याबद्दल पुढे.

पण त्याआधी ऑगस्टमध्ये नेमकं काय होतं ते समजून घे, नाहीतर वसतिगृहातल्या सगळ्या मुली पांढरे टॉप घालून रांगेत निघाल्या की तुझा निश्चय डळमळेल. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही १९०२ मध्ये स्थापन झालेली शिखर संघटना. तिच्यातल्या सोरॉरिटींची मुख्य भरती फेऱ्याफेऱ्यांनी चालते: ओपन हाउस, मग समाजकार्याची फेरी, मग सिस्टरहुडची, शेवटी प्रेफरन्स, आणि मग बिड डे, म्हणजे सदस्यत्वाचं आमंत्रण (बिड) मिळण्याचा दिवस. पहिल्या फेरीत तू सगळ्या घरांत, म्हणजे सगळ्या सोरॉरिटींकडे, जातेस आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ गप्पा होतात. त्या रात्री प्रत्येक चॅप्टरला (सोरॉरिटीच्या त्या कॅम्पसवरच्या शाखेला) ठरावीक संख्येने मुली कमी कराव्याच लागतात. किती, ते मागच्या वर्षांत किती मुली त्यांच्याकडे परत आल्या यावरून ठरतं, त्यामुळे ज्या घराला मागणी जास्त त्याला पहिल्या रात्री सगळ्यात जास्त नावं खोडावी लागतात. शेकडो मुलींशी पाचपाच मिनिटं बोलून झाल्यावर नावं खोडायला सगळ्यात सोपा निकष कोणता? जीपीए. अनेक राष्ट्रीय संघटनांची किमान अट २.५ च्या आसपास असते, आणि चॅप्टर आपली अट त्याहून वर, २.७, २.८, कधी ३.० वर ठेवतात. अटीच्या खालच्या मुलीला त्यांच्या भाषेत ग्रेड रिस्क म्हणतात. अशा थोड्या मुली घेता येतात, पण त्या जागा बहुधा आधीपासून ओळखीच्या असलेल्या मुलींना जातात. तू तिथे नवी. शिवाय तू सोफोमोर (दुसऱ्या वर्षाची) असल्याने तुझ्याकडून त्यांना तीनच वर्षांची वर्गणी मिळणार, फ्रेशमनकडून (पहिल्या वर्षाच्या मुलीकडून) चार. हे तोंडावर कुणी सांगत नाही, पण हिशेबात असतं. काही विद्यापीठांत वरच्या वर्गांतल्या मुलींसाठी वेगळा कोटा असतो. तो असला तर मात्र परिस्थिती बरीच बरी.

यात एक खरा सापळा आहे. प्रेफरन्सची फेरी संपली की लगेच एका करारावर सही घेतात. त्याला एमआरएबीए म्हणतात. त्यात तू जी घरं लिहिशील, त्यांपैकी एकाचं बिड आलं आणि तू नाकारलंस, तर पुढच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत त्या कॅम्पसवरच्या कुठल्याही पॅनहेलेनिक सोरॉरिटीत तुला जाता येत नाही. जानेवारीचा सीओबीसुद्धा गेला. कमी जीपीएच्या मुलीकडे शेवटी एकच घर उरलेलं असतं, ते मनाला पटलेलं नसतं, दमलेल्या अवस्थेत ती सही करते आणि दुसऱ्या दिवशी रडते. तेव्हा कुणाच्या आग्रहाखातर ऑगस्टमध्ये गेलीसच, तर एवढं पाळ: जे घर मनापासून नको ते त्या करारावर लिहायचं नाही. सही करण्याआधी बाहेर पडलीस तर सीओबीचा दरवाजा उघडा राहतो. सही केलीस आणि लिहिलेल्यांपैकी एकाही घराचं बिड आलं नाही, तरीही उघडा राहतो. बंद होतो तो फक्त आलेलं बिड नाकारल्यावर.

आता सीओबी. प्रत्येक कॅम्पसवर चॅप्टरच्या सदस्यसंख्येची एक मर्यादा ठरलेली असते, तिला टोटल म्हणतात. ज्या चॅप्टरची संख्या टोटलच्या खाली आहे, ते मुख्य भरतीबाहेरही बिड देऊ शकतात. डिसेंबरमध्ये काही मुली पदवी घेऊन जातात, काही परदेशी सेमिस्टरला जातात, काही सोडतात, म्हणून जानेवारीत जागा निघतात. इथे फेऱ्या नाहीत, रांगा नाहीत. कॉफी प्यायला बोलावतात, एखाद्या कार्यक्रमाला बोलावतात, दोनतीनदा भेट होते, मग बिड. पाच मिनिटांच्या जागी तासभर बोलायला मिळतं, आणि ट्रान्सफर मुलीसाठी हे फार मोलाचं आहे, कारण तुझी गोष्ट पाच मिनिटांत सांगण्यासारखी नाही. फक्त इथलं बिड स्वीकारतानाची सहीही बंधनकारक असते, ती वाचून कर.

सगळ्या कॅम्पसवर सीओबी सारखा चालत नाही. दक्षिणेकडच्या काही मोठ्या विद्यापीठांत सगळी घरं गच्च भरलेली असतात आणि स्प्रिंगमध्ये नावापुरतीच जागा निघते. म्हणून आत्ताच, जूनमध्येच, विद्यापीठाच्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी कार्यालयाला ईमेल लिही. उगाच प्रस्तावना नको, चार प्रश्न विचार:

– ट्रान्सफर विद्यार्थिनीचा कोणता जीपीए धरला जातो: जुन्या कॉलेजचा, इथल्या पहिल्या सेमिस्टरचा, की दोन्ही मिळून?
– गेल्या स्प्रिंगमध्ये किती चॅप्टरनी सीओबी केला?
– सोफोमोर आणि ज्युनिअरसाठी (दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींसाठी) वेगळा कोटा आहे का?
– चॅप्टरनिहाय किमान जीपीएची यादी मिळेल का?

मुख्य भरतीच जानेवारीत होते असं उत्तर आलं तर उत्तमच. काही विद्यापीठं मुद्दाम पहिलं सेमिस्टर जाऊ देतात. मग तुला वेगळं काहीच करायचं नाही, इतर सगळ्यांबरोबर जायचं.

शिवाय याच कार्यालयाच्या संकेतस्थळावर बहुधा दर सेमिस्टरचा ग्रेड रिपोर्ट असतो: कोणत्या चॅप्टरची सदस्यसंख्या किती, सरासरी जीपीए किती, विद्यापीठातल्या सगळ्या मुलींची सरासरी किती. तो उघड आणि दोनच रकाने बघ. ज्यांची सदस्यसंख्या इतरांपेक्षा कमी आहे, ते जानेवारीत बिड देण्याची शक्यता जास्त. ज्यांची सरासरी ३.५ च्या वर आहे, ते तुझ्या बाबतीत कां कूं करतील. दोन्ही रकाने तुझ्या बाजूने असलेली दोनतीन घरं निघतील, ती लिहून ठेव. इंटरनेटवर घरांची वरची-खालची प्रतवारी करणाऱ्या ज्या याद्या फिरतात त्या वाचू नकोस. त्यांत माहिती कमी आणि कुजकेपणा जास्त.

आता पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर सगळं कसं फिरतं ते आकड्यांत बघू. ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १. ग्रेडचा आकडा गुणिले क्रेडिट, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, हा जीपीए. तुझे ३२ क्रेडिट आणि २.३१ म्हणजे खात्यात ७४ गुण. समज, फॉलमध्ये (ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरमध्ये) तू १४ क्रेडिट घेतलेस आणि ३.४ मिळवलेस, म्हणजे ४७.६ गुण. फक्त नवा जीपीए धरला तर तू ३.४ ची मुलगी, जवळपास कुठेही चालशील. दोन्ही मिळून धरलं तर १२१.६ भागिले ४६, म्हणजे २.६४. २.५ ची अट पार, २.७ ची नाही. नवा जीपीए नुसता ३.० आला तर एकत्रित आकडा २.५२, अगदी उंबरठ्यावर. एकत्रित २.७५ हवा असेल तर फॉलमध्ये ३.७५ लागेल, म्हणजे जवळपास सगळीकडे ए. कार्यालयाने दोन्ही मिळून असं उत्तर दिलं, तर कोणत्या घराच्या मागे लागायचं हे या गणितावरूनच ठरव.

याच गणितात एक उन्हाळी वाट आहे. तुझा डी चार क्रेडिटच्या कॅल्क्युलसमध्ये असेल आणि कम्युनिटी कॉलेजच्या नियमात पुन्हा घेतलेल्या विषयाची नवी ग्रेड जुनीच्या जागी बसत असेल, तर जुलैच्या उन्हाळी सत्रात तोच विषय तिथेच घे. डीचा बी झाला तर खात्यात आठ गुणांची भर पडते: ८२ भागिले ३२, म्हणजे २.५६. मात्र तो त्याच कॉलेजात घ्यायला हवा. नव्या विद्यापीठात घेतलेल्या कॅल्क्युलसने जुन्या ट्रान्स्क्रिप्टवरचा डी हलत नाही. तसाही डी मिळालेला विषय बहुतेक विद्यापीठं ट्रान्सफरमध्ये धरत नाहीत, सी तरी लागतो, आणि इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसचा पहिला भाग अडला की दुसरा भाग आणि फिजिक्स दोन्ही मागे पडतात. त्यामुळे सोरॉरिटीचा विषय बाजूला ठेवला तरी हे काम करण्यासारखं आहे. अट एकच. सहा-आठ आठवड्यांत चार क्रेडिटचा कॅल्क्युलस म्हणजे रोज वर्ग आणि रोज गृहपाठ. दुकानातली पाळी तीस तासांची राहणार असेल तर त्या वाटेला जाऊ नकोस. दुसरा डी किंवा एफ आला तर इंजिनिअरिंगचाच प्रवेश धोक्यात येईल.

आणि २.५६ झाला म्हणून ऑगस्टमध्ये उडी मारायचा मोह होईल. आवर. किमान अट पार करणं वेगळं आणि यादीत वर असणं वेगळं.

फॉल सेमिस्टरबद्दल. ट्रान्सफर झाल्यावर पहिल्या सेमिस्टरला गुण घसरतात, ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की शिक्षणशास्त्रात तिला ट्रान्सफर शॉक असं नावच आहे. वीस-पंचवीस जणांच्या वर्गातून तू तीनशे जणांच्या लेक्चर हॉलमध्ये जाणार, दोन मिडटर्म आणि एक फायनल यांवर ग्रेड ठरणार, आणि अडलंय हे प्राध्यापकांना कळणारसुद्धा नाही. नेमक्या त्याच आठवड्यांत सोरॉरिटीची नवी सदस्या काय करत असते? आठवड्याला एक चॅप्टर मीटिंग, एक नव्या सदस्यांची मीटिंग, सक्तीचे अभ्यासिकेचे तास, शनिवारी फुटबॉल, मधे एखादा निधीसंकलनाचा कार्यक्रम. नव्या सदस्यत्वाचा काळ साधारण दीड-दोन महिन्यांचा, म्हणजे बरोबर मिडटर्मच्या डोक्यावर. त्यात जीपीए पडला तर इनिशिएशन (पक्कं सदस्यत्व) थांबतं, किंवा अकॅडमिक प्रोबेशन लागतं आणि समारंभांना जायला बंदी येते. भरलेले पैसे बहुधा परत मिळत नाहीत. आई ‘आधी मार्क’ म्हणते त्यात हा भाग अगदी बरोबर आहे. नखरे हा शब्द तिने मागे घ्यावा.

फॉलसाठी १४ क्रेडिट पुरे: कॅल्क्युलस ४, लॅबसह फिजिक्स ४, आणि तीन-तीन क्रेडिटचे दोन विषय, ज्यांतला एक तरी तुला सहज जमणारा. १७ घेऊन शौर्य दाखवू नकोस. एखादा विषय बुडतोय असं दिसलं तर विथड्रॉ करायची शेवटची तारीख आधीच कॅलेंडरवर टाकून ठेव. डब्ल्यू जीपीएत धरला जात नाही, डी धरला जातो. मात्र १२ क्रेडिटच्या खाली गेलीस की पूर्णवेळ विद्यार्थिनी राहत नाहीस, आर्थिक मदत कापली जाऊ शकते, आणि ज्या मुली एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहेत त्यांनी तर आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय हे अजिबात करू नये. १२ क्रेडिट ही सीओबीच्या पात्रतेतही ठिकठिकाणी लागणारी अट आहे.

या चार महिन्यांत सोरॉरिटीकडे पाठ फिरवायची असं नाही. बऱ्याच चॅप्टरचे निधीसंकलनाचे कार्यक्रम सगळ्यांसाठी खुले असतात, तिकीट काढून जा. लॅब पार्टनर, वसतिगृहाच्या मजल्यावरच्या मुली, इंजिनिअरिंगमधल्या मुलींचा क्लब, यांत कुणी ना कुणी सदस्या निघतेच. जानेवारीत सीओबीला कुणाला बोलवायचं हे चॅप्टरमध्ये ठरतं, तेव्हा ‘ही माझ्या फिजिक्स लॅबमध्ये आहे, चांगली आहे’ हे एक वाक्य अर्जावरच्या परिच्छेदापेक्षा जास्त काम करतं. पूर्वी जुन्या सदस्यांची शिफारसपत्रं जमवावी लागत. बहुतेक संघटनांनी ती अट आता काढली आहे, त्यापायी जीव टाकू नकोस.

गुणांचा विषय आपणहून काढायचा नाही. विचारलंच तर तीन वाक्यं: तेव्हा आठवड्याला इतके तास काम करत होते, आता ते कमी केलं आहे, आणि या सेमिस्टरचा जीपीए इतका आहे. बास. प्राध्यापक कसे होते, ऑनलाइन वर्ग कसे होते, यावर एक अक्षर नको.

पॅनहेलेनिकच्या बाहेरचाही विचार कर. दक्षिण आशियाई मुलींच्या सोरॉरिटी आहेत: डेल्टा फाय ओमेगा, सिग्मा सिग्मा रो, काप्पा फाय गॅमा, तिन्ही १९९८ मध्ये सुरू झालेल्या. यांचे चॅप्टर लहान असतात. सेमिस्टरच्या सुरुवातीला माहितीच्या बैठका होतात, मग मुलाखत. ट्रान्सफर मुलगी तिथे अपवाद वाटत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात, गरब्यात त्यांचे टेबल असतातच. पण इथेही जीपीएची अट असते, आणि चॅप्टर लहान असल्याने प्रत्येकीवर कामाचा भार जास्त येतो, हे धरून चाल. इंजिनिअरिंग आणि तांत्रिक शाखांतल्या मुलींसाठी फाय सिग्मा रो (१९८४, पर्ड्यू विद्यापीठ) आणि अल्फा ओमेगा एप्सिलॉन (१९८३, मार्केट विद्यापीठ) आहेत. खरं सांगायचं तर तुझं वर्णन वाचून आम्हाला आधी याच आठवल्या, कारण तिथे कॅल्क्युलसमध्ये आपटलेल्या मुली मुबलक भेटतील आणि मागच्या वर्षीच्या नोट्सही. अल्फा काप्पा अल्फा, डेल्टा सिग्मा थीटा वगैरे कृष्णवर्णीय महिलांनी उभ्या केलेल्या संघटनांची प्रवेशाची रीत पूर्ण वेगळी आहे. दुसरीकडे जमलं नाही म्हणून तिथे, असा विचार घेऊन त्यांच्या दारात जाऊ नये.

पैशाचं स्पष्ट विचार. वर्गणी विद्यापीठागणिक काहीशे डॉलरपासून हजाराच्या पुढे, तीही दर सेमिस्टरला. पहिल्या सेमिस्टरला इनिशिएशन आणि बॅजचे पैसे वेगळे. मीटिंग चुकली तर दंड, आणि टीशर्टांचा खर्च कुठल्याच पत्रकात नसतो. हप्ते मिळतात का ते विचार. वर्गणी भरण्यासाठी पुन्हा तीस तासांचं काम धरावं लागणार असेल तर उत्तर नाही हेच आहे, कारण २.३१ ज्या वाटेने आला तीच ही वाट.

आईची दुसरी काळजी रॅगिंगची असणार, तू लिहिलं नसलंस तरी. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट मंजूर झाला. त्यानुसार विद्यापीठांना हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांचा अहवाल जाहीर करावा लागतो. ज्या घराचा विचार करशील त्याचं नाव त्यात आहे का ते आईसमोर बसून बघ.

राहता राहिली घराची गोष्ट, आणि ट्रान्सफर मुली इथेच हमखास फसतात. कॉलेजच्या गावांत पुढच्या ऑगस्टपासूनच्या अपार्टमेंटचे करार ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच व्हायला लागतात. घरमालक घाई करतील, रूममेट घाई करतील. उलट बऱ्याच चॅप्टरचा नियम असतो की नव्या सदस्येने पुढचं वर्ष चॅप्टर हाउसमध्ये राहायचं. जानेवारीत बिड घेतलंस आणि बारा महिन्यांच्या लीजवर सही आधीच झालेली असली, तर दोन्हीकडचं भाडं तुझ्या गळ्यात. म्हणून ज्या दोनतीन घरांची नावं लिहून ठेवशील त्यांना फॉलमध्येच विचार की राहण्याची सक्ती आहे का, किती सेमिस्टरची, आणि आधीची लीज असलेल्या मुलीला सूट मिळते का. सही करावीच लागली तर लीज दुसऱ्याच्या नावे करता येईल किंवा पोटभाडेकरू ठेवता येईल, असं कलम त्यात आहे ना, तेवढं बघून कर.